चौदा गोष्टी आणि एक अध्यक्ष

चौदापैकी नऊ गोष्टींमध्ये मी वारलेलो होतो, आणि त्या नऊच्या नऊ गोष्टी मला भर सभेत, उभं राहून, माझ्याच तोंडाने वाचून दाखवाव्या लागल्या. एकीत तर मी दुसऱ्याच ओळीत गेलो. माणसाला निदान पहिला परिच्छेद तरी पुरा जगू द्यावा, एवढी माझी माफक अपेक्षा होती. पण मी कुणावर राग धरलेला नाही. उलट तो महिना आठवला की अजून अंगात उत्साह संचारतो आणि मी बसल्या जागी हातवारे करायला लागतो. मग बायको माझ्यासमोरचा कप उचलून लांब ठेवते.

झालं असं की, मी वजनकाटे तपासणाऱ्या खात्यात हेडक्लार्क आहे, आणि आमच्या खात्याने मला दोन दिवसांच्या नेतृत्वशिबिराला पाठवलं. माझ्यात काही पाहिलं म्हणून नव्हे, तर बाकीच्या तिघांनी आधीच रजा टाकल्या होत्या म्हणून. तिथे एक चुणचुणीत बाई होत्या. त्यांनी आम्हाला कोरे कागद दिले आणि म्हणाल्या, "पंधरा वर्षांनंतरचा एक दिवस डोळ्यांपुढे आणा आणि एका पानात त्याची गोष्ट लिहा. भाषण नको, योजना नको, गोष्ट. ज्याला उद्याचा दिवस दिसतो, तोच आज चार माणसांना घेऊन पुढे जाऊ शकतो." मी आमच्या खात्याची गोष्ट लिहिली. तीत काटे स्वतःच आपली चूक कबूल करत होते. बाईंनी ती वाचून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्यात काहीतरी आहे हं!" एकतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मला कुणीही म्हटलेलं नाही. मी ते घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "काहीतरी आहे म्हणजे नक्की काय आहे, ते विचारलंत का?"

साहेबांना मी हा प्रयोग खात्यात करू म्हणालो. साहेबांनी, "छान, छान. फाइलला लावून ठेवा," असं सांगितलं. आता अंगात आलेला उत्साह फाइलला कसा लावणार? पण मी इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरीही आहे, आणि इमारतीला त्या वेळी नेत्याची फार म्हणजे फारच गरज होती.

आमची इमारत चार मजल्यांची, बिऱ्हाडं चौदा, लिफ्ट एक. अकरा वर्षं अध्यक्ष असलेले गृहस्थ मुलीकडे राहायला गेले आणि जाताना चाव्यांचा जुडगा माझ्या हातात कोंबून गेले. लिफ्टचा परवाना महिनाअखेर संपत होता. तो वाढवून घ्यायचा आणि लिफ्टची दुरुस्ती करून घ्यायची, तर अर्जावर अध्यक्षाची सही हवी, आणि त्या अध्यक्षाची नोंदणी कचेरीत नोंद हवी. तसं झालं नाही तर लिफ्टला सील. सील लागल्यापासून पंधरा दिवसांत कागद गेले नाहीत तर लिफ्ट यादीतून बाद, आणि मग नवा अर्ज, नवी तपासणी, म्हणजे दोन वर्षांची निश्चिंती.

आम्हा बाकीच्यांचं फार अडणार नव्हतं. अडणार होतं चौथ्या मजल्यावरच्या बाईंचं. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वय शहात्तर, एकट्या, दोन्ही गुडघे गेलेले. जिना त्यांना उतरता येत नाही. लिफ्ट बंद झाली की बाईंचं जग म्हणजे दोन खोल्या आणि एक गॅलरी. हे सगळ्यांना माहीत होतं, सगळे त्यावर चुकचुकतही होते, पण अध्यक्ष व्हायला कुणी तयार नव्हतं. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "माझे हात सतत कुणाच्या तरी तोंडात असतात." तळमजल्यावरचे निवृत्त फौजदार म्हणाले, "मी आयुष्यभर हुकूम सोडले, आता घसा बसलाय." हे वाक्य तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू आलं. चौथ्या मजल्यावरचा कॉम्प्युटरवाला दिवसभर घरातूनच काम करतो आणि जिना दोन-दोन पायऱ्या गाळून उतरतो. त्याने, "काका, मी मीटिंगमध्ये आहे," असं सांगून दार लावलं.

मग मी ठरवलं, की माणूस निवडायचाच नाही, तो आपोआप सापडला पाहिजे! प्रत्येक घराने एक पान लिहायचं : 'पंधरा वर्षांनंतर आपल्या इमारतीतला एक दिवस'. नाव घालायचं नाही. सभेत सगळ्या गोष्टी वाचायच्या, आणि जिच्यात खरा नेता दिसेल तिचा लेखक अध्यक्ष. मी स्वतः संयोजक, म्हणून आमच्या घरातर्फे बायको लिहील. रविवारी सकाळी मी घरोघरी कोरे कागद वाटले. मला वाटतं, त्या सकाळी मी जिन्यावरून चालत नव्हतोच.

सल्ल्यांना तोटा नव्हता. डॉक्टर म्हणाले, विषय अवघड आहे, आधी एक नमुना द्या. फौजदार म्हणाले, नमुना दिलात तर सगळे कॉपी करतील, लिहिताना देखरेख ठेवा. ते खुर्ची घेऊन जिन्यात बसायलाही तयार झाले. एकीने विचारलं, शुद्धलेखनाचे मार्क कापणार का. एका घरातून मला खाजगीत विचारण्यात आलं, की पंधरा वर्षांनंतर शेजारच्यांनी फ्लॅट विकलेला दाखवला तर चालेल का. मी म्हटलं, कल्पनेला बंधन नाही. तिथेच मी चुकलो.

चौथ्या मजल्यावर बाईंनी कागद घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "सेक्रेटरी, पूर्ण पान लिहायलाच हवं का?"

"लहान असली तरी चालेल, बाई."

"मग चालेल," त्या म्हणाल्या. "मुलं पान भरायला लागली की खोटं लिहायला लागतात."

सभा मी खाली अंगणात घेतली. लिफ्ट सात महिन्यांपूर्वी बाईंना घेऊन दोन मजल्यांच्या मधे दीड तास अडकली होती, तेव्हापासून, ती दुरुस्त होईपर्यंत, बाई तिच्यात पाऊल ठेवायला तयार नव्हत्या. त्यामुळे त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या आणि वरून ऐकू लागल्या. मी घसा साफ केला आणि पहिला कागद उघडला.

"'पंधरा वर्षांनंतर गच्चीवर सुंदर बाग आहे. सेक्रेटरी वारल्यावर गच्चीची किल्ली सगळ्यांना मिळू लागली.'"

मी थांबलो. मी खेळीमेळीने हसलो आणि पुढचा कागद घेतला. त्यात इमारतीला नवा रंग होता, तोही माझ्या पश्चात. तिसऱ्यात सायकली ठेवायला ऐसपैस जागा झाली होती आणि तिला माझं नाव दिलं होतं. चौथ्या गोष्टीपर्यंत माझ्या लक्षात आलं, की आमच्या इमारतीत जी म्हणून सुधारणा होणार आहे, तिच्या थोडं आधी मी जाणार आहे. मी सध्या चोपन्न वर्षांचा. पंधरा मिळवले तर एकोणसत्तर. हे काय जायचं वय आहे? माझे वडील एक्याण्णव वर्षं जगले आणि शेवटपर्यंत वर्तमानपत्राला नावं ठेवत होते. पण कुणाला विचारणार? सगळ्या गोष्टी निनावी!

अर्थात निनावी म्हणजे नावालाच. सातव्या गोष्टीत मी गेल्यावर आमच्या फ्लॅटमध्ये दातांचा अद्ययावत दवाखाना निघाला होता. ती कुणाची, हे शोधायला फौजदारांची गरज नव्हती. शिवाय तिच्यात फौजदारांचे सगळे दात पडले होते आणि ते नव्या कवळीबद्दल कुणाचे तरी सारखे आभार मानत होते. फौजदारांनी घसा बसलेला असूनही त्यावर आपलं मत दिलं. मग कोण कुणाच्या गोष्टीत काय झालं, याचीच चौकशी सुरू झाली. एकीच्या मुलाला दोन गोष्टींत नोकरी नव्हती. एकीच्या सुनेचं सासूशी पटत होतं, तर सासूला ते खोटं वाटलं. नेता कुठे दिसतो का, हे बघायला कुणाला सवडच नव्हती. मी टाळ्या वाजवून शांतता करू लागलो आणि वरून बाईंचा आवाज आला, "एका वेळी एकाने बोला. आणि बोटं दाखवू नका." सभा चिडीचूप झाली.

राहिलेल्या पाच गोष्टींपैकी फौजदारांच्या गोष्टीत मी जिवंत, पण ठार बहिरा होतो. एकीत मी फ्लॅट विकून गेलो होतो. एकीत माझा उल्लेखच नव्हता, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त जिव्हारी लागलं. बायकोच्या गोष्टीत मी ठणठणीत होतो, फक्त गावाला गेलेलो होतो, आणि ती खिडकीशी बसून संबंध तासभर शांतपणे पुस्तक वाचत होती. एवढंच. बायका त्या गोष्टीवर माना डोलावत होत्या.

शेवटचा कागद बाईंचा. चारच ओळी.

"'पंधरा वर्षांनंतर आमच्या इमारतीचे अध्यक्ष सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहतात. पाण्याच्या पंपाची चावी त्यांच्याकडे असते. रोज सकाळी पाळीपाळीने एक घर ती वर येऊन नेतं आणि वर येऊन परत देतं. लिफ्ट एक दिवसही बंद नसते.'"

सगळे हसले. मी मात्र हसलो नाही, माझ्या अंगावर काटा आला. शिबिरातल्या बाई म्हणाल्या होत्या तेच हे! एका दिवसाची गोष्ट, आणि सगळी व्यवस्था तिच्यात आलेली! मी ते समजावून सांगणार, तेवढ्यात कॉम्प्युटरवाला ताडकन उठला. चौथ्या मजल्यावर तोही राहतो, आणि धोका त्याला माझ्याआधी कळला होता. "बाईच अध्यक्ष," तो ओरडला. "माझा पाठिंबा!" आपल्या गळ्यातलं लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात पडतंय म्हटल्यावर बाकीच्यांचे हात जे वर गेले, ते काही जणांचे दोन-दोन गेले. कुणी विचार करून मत दिलं, असं मला म्हणता येणार नाही. पण ठराव एकमताने झाला.

"बाई, मान्य आहे का?" मी मान वर करून विचारलं.

"मान्य आहे," बाई म्हणाल्या. "पण नुसत्या सहीची अध्यक्ष मी होणार नाही. चावी वर पाठवा."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी नोंदणी कचेरीत गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. "निवडीची पद्धत या रकान्यात 'मतदान' किंवा 'चिठ्ठी' यापैकी एक हवं. तुम्ही 'गोष्ट' लिहिलंय."

मला वाटलं, अजूनही हा माणूस वाचवता येईल. मी त्याला भविष्याच्या गोष्टींचं महत्त्व सांगितलं. मी फार रंगलो होतो. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मग त्या गोष्टी जोडपत्र म्हणून लावा. तीन प्रतींत." मी आनंदाने लावल्या. त्याने एक वाचली, मग दुसरी, मग शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून आले. खिडकी चाळीस मिनिटं बंद होती आणि आतून हसण्याचा आवाज येत होता. माझ्यामागे रांगेत उभी असलेली माणसं मला शिव्या देत होती, पण मला वाटत होतं, चला, प्रयोग पसरतोय.

खिडकी उघडली. "अर्जावर सेक्रेटरी म्हणून तुमची सही आहे," कारकून म्हणाला. "पण जोडपत्र एक, दोन, तीन, चार, सात आणि पुढे, यांत सेक्रेटरी मयत आहेत."

"अहो, त्या गोष्टी आहेत!"

"ते मला कळतं हो. मी काय खुळा आहे?" तो दुखावल्या आवाजात म्हणाला. "पण उद्या तपासणीला येणारा हे कागद बघेल. नऊ सभासद सेक्रेटरी मयत म्हणतात आणि खाली सेक्रेटरीची सही. मी काय उत्तर देऊ? तुमच्या हयातीचा दाखला आणा."

"तो कोण देतं?"

"इमारतीचे अध्यक्ष."

"त्यांचीच नोंद करायला मी आलोय."

"ती सेक्रेटरीच्या सहीशिवाय होत नाही."

मी म्हटलं, जोडपत्रं परत द्या. तो म्हणाला, आवक नोंद झाली, आता कागद कचेरीचे. काटे तपासण्यात माझी हयात गेली, पण एवढा अचूक समतोल मी कुठल्या काट्यावर पाहिलेला नाही. शेवटी त्याला माझी दया आली आणि त्याने एक तिसरी वाट सांगितली : नव्या अध्यक्ष सोडून बाकी सर्व सभासदांनी कचेरीत समक्ष येऊन मी जिवंत असल्याचं एकेक करून सांगावं.

इमारतीत परत येऊन मी ही वाट सर्वांना सांगितली. कुणालाच सवड नव्हती. डॉक्टरांना पेशंट, फौजदारांना घसा, कॉम्प्युटरवाल्याला मीटिंग. "सेक्रेटरी, पुढच्या आठवड्यात बघू," असं मला बारा दारांत ऐकायला मिळालं. माझा सगळा उत्साह त्या दिवशी गळून पडला. मी मनापासून खचलो होतो. बाईंची लिफ्ट मी माझ्या हुशारीत घालवली, हे मला दिसत होतं. बाईंना तोंड कसं दाखवायचं, म्हणून मी दोन दिवस चौथ्या मजल्याकडे फिरकलो नाही.

महिना संपला आणि लिफ्ट-निरीक्षक येऊन दाराला सील ठोकून गेला.

पंपाची चावी त्याच दिवशी बायकोने वर पोचवली, आणि दुसऱ्या सकाळी पहिली पाळी नेमकी फौजदारांची होती. ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली, "बाई, चावी जरा खाली टाका!"

गॅलरीतून उत्तर आलं, "टाकणार नाही. मी उतरू शकत नाही, तुम्ही चढू शकता. या."

चौदा घरांच्या टाक्यांत पाणी नव्हतं. फौजदार चढले. मी दुसऱ्या मजल्यावर दार किलकिलं करून पाहत होतो. दर मजल्यावर ते थांबत होते, कठडा धरत होते आणि कुणाला तरी अटक करायची असल्यासारखं इकडेतिकडे पाहत होते. वर गेले, ते अर्धा तास खाली आलेच नाहीत. मला काळजी वाटली, म्हणून मी लाज गुंडाळून वर गेलो. फौजदार बाईंच्या खुर्चीत घाम पुसत बसले होते आणि बाई त्यांना पाण्याचा दुसरा पेला देत होत्या.

"बाई," फौजदार म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरोखर बसलेला होता, "तुम्ही शेवटच्या खाली कधी आला होतात?"

"सात महिने झाले. त्याआधी रोज संध्याकाळी जात असे."

"सात महिने? आणि आम्हाला माहीत नाही?"

"माहीत होतं की," बाई म्हणाल्या. "चढला नव्हतात तुम्ही, एवढंच."

फौजदार उठले. चावी घेऊन उतरले, पंप चालवला आणि चावी द्यायला पुन्हा चढले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर चढले. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरची सासू आणि सून मिळून चढल्या, कारण एकीला एकटीने जाववेना. बाई प्रत्येकाला बसवत होत्या, पाणी देत होत्या, काय चाललंय विचारत होत्या. तक्रार एका शब्दाने नाही. लिफ्टचं नावसुद्धा नाही. कॉम्प्युटरवाल्याला चढायचं नव्हतंच, पण तो आठवडाभर दमलेल्या माणसांना जिन्यात बसलेलं पाहत होता. तोच एका सकाळी दारोदार जाऊन म्हणाला, "उद्या दहा वाजता कचेरीत. मी गाड्या ठरवल्यात." पंधरातला तो अकरावा दिवस होता.

आणि दहा वाजता, काय सांगू, आमची सबंध इमारत त्या खिडकीसमोर रांगेत उभी होती! फौजदार सगळ्यांत पुढे. कारकुनाने नोंदवही उघडली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : "हे समोर उभे आहेत, ते जिवंत आहेत का?" बायकोने, "हो, आहेत की," म्हटलं, ते जरा सावकाश म्हटलं, पण म्हटलं. डॉक्टर पुटपुटले, तेव्हा कारकून म्हणाला, "मोठ्याने सांगा. जोडपत्र सातमध्ये तुम्ही स्पष्ट लिहिलंय."

"जिवंत आहेत!" डॉक्टर ओरडले. "चांगले धडधाकट आहेत!"

इतक्या माणसांनी एका दमात माझी बाजू घेतलेली मी कधी पाहिली नव्हती. माझा ऊर भरून आला. मी प्रत्येकाचे हात हातात घेत सुटलो, कारकुनाचेसुद्धा. त्याने शिक्का मारला. बाईंनी घरी बसून अर्जावर सही केली, त्यातली माझी एक चूक सुधारून. चौदाव्या दिवशी कागद पोचले, लिफ्ट दुरुस्त झाली आणि पुढच्या बुधवारी निरीक्षकाने येऊन सील काढलं.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे खाली लिफ्टसमोर जमलो. मी एक छोटं भाषण तयार केलं होतं, नेतृत्व, भविष्य आणि आपली इमारत या विषयावर, बारा मिनिटांचं. लिफ्ट कुरकुर न करता खाली आली. दार उघडलं. बाई बाहेरच्या चपला घालून, खांद्याला पिशवी अडकवून, काठी घेऊन उभ्या होत्या. मी कागद उलगडला.

"नंतर वाचा," बाई म्हणाल्या. "जरा बाजूला व्हा."

आम्ही बाजूला झालो. त्या आमच्यामधून हळूहळू फाटकापर्यंत गेल्या, फाटक स्वतः उघडलं आणि रस्त्याने चालू लागल्या. कुणीतरी सोबत जायला निघालं, तर फौजदारांनी त्याचा दंड धरला. आम्ही तिथेच थांबलो. अर्धा तास गेला, तास गेला. कुणी घरी जाईना. डॉक्टर दोनदा फाटकापर्यंत जाऊन पाहून आले. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "मी जाऊ का बघायला?" बायको म्हणाली, "कुणी जाऊ नका," आणि तिचे डोळे भरलेले होते. माझेही होते, पण मला कुणी विचारलं नाही.

सव्वा तासाने बाई वळणावर दिसल्या. दमल्या होत्या, चपला धुळीने भरल्या होत्या, आणि चेहरा असा होता, की मी भाषणाचा कागद खिशात घातला.

"कुठवर गेला होतात?" फौजदारांनी विचारलं.

"कोपऱ्यापर्यंत," बाई म्हणाल्या. "मग पुढच्या कोपऱ्यापर्यंत. मग म्हटलं, अजून पाय ऐकताहेत तर त्याच्या पुढच्याही."

मी धावत पुढे झालो, लिफ्टचं दार धरलं, त्या आत आल्या आणि मी चौथ्या मजल्याच्या बटणाकडे हात नेला.

"हात मागे घ्या, सेक्रेटरी," बाई म्हणाल्या. "मी दाबते."